फ्रिक्वेन्सीवर कोणी मुद्दाम त्रास देत असेल तर

हॅम बँडवर, म्हणजे हौशी रेडिओच्या पट्ट्यात, ‘जॅमिंग चाललंय’ अशी ओरड होते तेव्हा बहुतेक वेळा कोणीही जॅमिंग करत नसते. कोणाचा माइक गेन चढलेला असतो, कोणी अँटेना ट्यून करत असतो, कोणाच्या गाडीच्या सीटखाली हँडीचे (हातातल्या सेटचे) पीटीटी, म्हणजे बोलायचे बटण, दाबले गेलेले असते, तर कधी दोष आपल्याच रिसीव्हरचा निघतो. अशा वेळी साप समजून भुई थोपटली की खरा घोळ सुरू होतो. ज्याला काही पत्ताच नव्हता तो दुखावतो, आणि जो खोडी काढायला टपून बसलेला असतो त्याला कळते की इथली मंडळी लगेच चिडतात. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी निदान, मग मौन, मग नोंद, आणि सगळ्यात शेवटी तक्रार.

त्रास नेमका कसला आहे?

पहिली चाचणी अर्ध्या मिनिटाची. रिगच्या, म्हणजे आपल्या रेडिओ सेटच्या, मागची अँटेनाची केबल काढा. आवाज तसाच राहिला तर तो रिगमध्ये किंवा पॉवर सप्लायमध्ये आहे. केबल काढल्यावर गेला, पण लावताच परत आला, तर तो बाहेरून येतोय. तो आपल्या घरातूनही येत असू शकतो. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलर इन्व्हर्टर यांचा गोंगाट मेनबरोबर गप्प होतो. तरीही चालू राहिला तर शेजारच्या इमारतीपासून रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत कुठेही शोधावे लागेल, पण तो आपल्या घरातला नाही एवढे तरी ठरले.

दुसरी चाचणी ‘शेजारचा स्प्लॅटर करतोय’, म्हणजे त्याचा सिग्नल त्याच्या जागेबाहेर पसरतोय, असे वाटते तेव्हाची. प्रीअँप बंद करा, नॉइज ब्लँकर बंद करा आणि १० ते २० डीबी अटेन्युएटर (सिग्नल मंद करणारे बटण) लावा. नॉइज ब्लँकर चालू असताना ५ किलोहर्ट्झ बाजूचे जोरदार स्टेशन फाटून सगळीकडे पसरल्यासारखे ऐकू येते, कारण ब्लँकर त्याच्या आवाजालाच ठिणगी समजून सिग्नल कापत राहतो. अटेन्युएटर लावल्यावर हवा तो सिग्नल एका पायरीने खाली आला आणि चरचर मात्र पार गेली, तर समोरच्याचा काही दोष नाही; आपला रिसीव्हर ओव्हरलोड होत होता. हवेत कोणाला ‘तुमचा सिग्नल रुंद आहे’ म्हणण्याआधी हे करून बघणे हा किमान शिष्टाचार आहे.

काही आवाज परदेशी सरकारी यंत्रणांचे असतात. क्षितिजापलीकडे पाहणारी रडारे ७ आणि १४ मेगाहर्ट्झवर १० ते १५ किलोहर्ट्झ रुंदीचा, सेकंदाला काही डझन ठोक्यांचा एकसुरी घरघराट करतात आणि अचानक दुसरीकडे निघून जातात. ७१०० ते ७२०० किलोहर्ट्झचा पट्टा प्रसारण केंद्रांनी २९ मार्च २००९ पर्यंत रिकामा करायचा होता. तरी एरिट्रियाचे प्रसारण आणि त्याला दाबायला इथिओपियातून सोडलेला खरखराट तिथे वर्षानुवर्षे नोंदवला गेला आहे. त्यांना आपल्याशी काही घेणेदेणे नाही. अशा घुसखोरांची नोंद आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेची मॉनिटरिंग यंत्रणा ठेवते. त्यांच्यावर ओरडून उपयोग नाही, फ्रिक्वेन्सी बदलावी हे उत्तम.

मुद्दाम केलेल्या त्रासाची खूण एकच: तो आपल्याला प्रतिसाद देतो. आपण बोलायला लागलो की कॅरिअर (आवाजाविना नुसता सिग्नल) येतो, थांबलो की जातो. ५ किलोहर्ट्झ सरकलो की मिनिटभरात मागे येतो. ठरावीक कॉल साइननेच (परवान्याच्या ओळख-अक्षरांनी) कॉल केला की शिट्टी वाजते. आपला आवाज रेकॉर्ड करून परत ऐकवला जातो. यातले काहीही नसेल तर सध्या तो ‘अपघात’ समजून पुढे चला.

आपल्याकडून व्यत्यय होऊ नये म्हणून

हा भाग नव्यांना कंटाळवाणा वाटतो, पण नेटवरची, म्हणजे ठरल्या वेळी एका फ्रिक्वेन्सीवर जमणाऱ्या गटातली, निम्मी भांडणे इथेच मिटतात.

एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) कॉल करण्याआधी निदान अर्धा मिनिट ऐका. त्यानंतर कॉल साइनसह विचारा, ‘फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?’, आणि पाच सेकंद थांबून पुन्हा एकदा विचारा. सीडब्ल्यूवर (मोर्समध्ये) यासाठी ‘क्यूआरएल?’ पाठवतात, उत्तरात नुसते ‘सी’ किंवा ‘आर’ आले तरी तिथून निघायचे. दोनदा विचारण्याचे कारण स्किप: लहरी जवळचा भाग ओलांडून दूर उतरतात. पुण्याहून दुपारी २० मीटरवर (१४ मेगाहर्ट्झच्या बँडवर) सिंगापूर खणखणीत येते, पण सोलापूर बहुधा ऐकू येत नाही. सोलापूरचा माणूस बोलत असेल तर आपल्याला फ्रिक्वेन्सी मोकळी वाटते, आणि ज्याच्याशी तो बोलतोय त्याच्या कानात मात्र आपण दोघेही आदळतो. त्यामुळे ‘वापरात आहे का’ याचे उत्तर ज्याला प्रश्न ऐकू आला त्या कोणीही द्यावे, तो त्या गप्पांमध्ये नसला तरी. आणि ‘मी आधीपासून इथे होतो’ हा वाद घालू नये. बँड उघडला-मिटला की एकाच फ्रिक्वेन्सीवरची, एकमेकांना न ऐकणारी दोन स्टेशने समोरासमोर येतातच, आणि दोघेही खरे बोलत असतात. ज्याला सरकणे सोपे त्याने सरकावे. नेटपेक्षा दोघांच्या गप्पा हलवणे सोपे असते.

अंतर किती ठेवायचे? एसएसबीचा (एचएफवर आवाजाने बोलायच्या नेहमीच्या मोडचा) सिग्नल साधारण २.४ ते ३ किलोहर्ट्झ जागा घेतो. शेजाऱ्यापासून ३ किलोहर्ट्झ हे किमान. तो जोरात येत असेल तर ५ ठेवा. सीडब्ल्यूला ५०० हर्ट्झ पुरतात. डायलवरचा आकडा म्हणजे आपण व्यापलेली जागा नव्हे, हे बँडच्या कडेला विसरले जाते. ४० मीटरवर एलएसबी (आवाज डायलच्या आकड्याखाली पसरतो) असल्याने ७.१५० मेगाहर्ट्झ म्हणजे प्रत्यक्षात ७.१४७ ते ७.१५०. याच हिशेबाने ७.००० वर एलएसबी लावून बोललात तर सगळा आवाज हॅम बँडच्या बाहेर जातो. २० मीटरवर यूएसबी (आवाज आकड्याच्या वर), म्हणून १४.३४७ च्या वर डायल नेऊ नये.

काही जागा रिकाम्या वाटल्या तरी सोडायच्या. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरातले १८ बीकन पाळीपाळीने दहा-दहा सेकंद वाजतात. त्यात कोलंबोचे ४एस७बी आहे, आणि प्रत्येक जण शेवटी १०० वॉटपासून ०.१ वॉटपर्यंत उतरत्या शक्तीचे चार डॅश सोडतो. कमी शक्तीचा डॅश ऐकायला कोणीतरी कान लावून बसलेले असते, तेव्हा तिथे ‘सीक्यू’ (कोणीही या, अशी हाक) मारणारा किती शिव्या खातो हे त्याला कधीच कळत नाही. ७.०७४ आणि १४.०७४ ही एफटी८ ची (कॉम्प्युटरने चालणाऱ्या डिजिटल मोडची) ठिकाणे. तिथे आवाजाने बोलू नये. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागात ३.६००, ७.११०, १४.३००, १८.१६० आणि २१.३६० मेगाहर्ट्झ या आपत्कालीन संपर्काच्या मध्यवर्ती जागा आहेत. एरवी तिथे बोलायला बंदी नाही, पण आपत्ती चालू असताना आसपास ५ किलोहर्ट्झ मोकळे ठेवा.

ट्यूनिंग हा सगळ्यांत जास्त शिव्या खाणारा प्रकार. दुर्मीळ स्टेशनवर नेमके जाऊन कॅरिअर सोडायचा आणि ट्यूनर फिरवायचा. यात क्वचितच द्वेष असतो, बहुतेक वेळा आळस असतो. अँटेना आधीच अॅनलायझरने किंवा छोट्या व्हीएनएने जुळवून ट्यूनरच्या खुणा कागदावर लिहून ठेवा. हवेत ट्यून करावेच लागले तर ५ ते १० किलोहर्ट्झ बाजूला, मोकळ्या जागी, ५ ते १० वॉटवर करा, आणि दहा सेकंदांत आटपा. लिनिअर (शक्ती वाढवणारा अँप्लिफायर) तापवायचा असेल तर ५० ओहमच्या डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या रोधावर.

ऑडिओबद्दल एकच कळीची गोष्ट: एएलसीचा, म्हणजे ट्रान्समीटरचा जोर आवरणाऱ्या यंत्रणेचा, काटा. एसएसबीवर बोलण्याच्या जोरावर तो त्याच्या पट्ट्यात हलला पाहिजे, पट्ट्याबाहेर जाता कामा नये. कॉम्प्रेसर ५ ते १० डीबी पुरे. काटा ठोकला जात असेल तर तुमचा सिग्नल ३ ऐवजी ६-७ किलोहर्ट्झ पसरतोय, आणि दुसऱ्यांना जो ‘जॅमर’ वाटतोय तो तुम्हीच आहात. एफटी८ वर तर एएलसी शून्य हवा. कॉम्प्युटरच्या साउंडची पातळी उतरवा, मग प्रोग्रॅममधला पॉवरचा स्लायडर. तिथे घड्याळ एका सेकंदाच्या आत जुळलेले हवे, आणि वॉटरफॉलमध्ये (स्क्रीनवरच्या सिग्नलच्या चित्रात) रिकामी पट्टी पाहून ‘होल्ड टीएक्स’ची खूण करा, म्हणजे उत्तर देताना दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसणार नाही.

एखाद्याचा ऑडिओ फाटत असेल तर कसे सांगायचे? ओळखीचा असेल तर फोन करून: ‘दादा, आज तुमचा ऑडिओ जरा फाटतोय, माइक गेन थोडा उतरवून बघता का? मी ऐकतो.’ हवेतच सांगायचे तर किती किलोहर्ट्झपर्यंत पसरतोय तो आकडा सांगा. ‘फार घाण येतोय’ म्हटल्याने काहीही दुरुस्त होत नाही.

रिपीटर आणि हँडी

दोन मीटरवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, त्रासाचे सगळ्यात मोठे कारण अडकलेले पीटीटी. दहा मिनिटे कोणाच्या तरी गाडीतली गाणी आणि हॉर्न ऐकू येतात आणि गटात ‘कोणीतरी मुद्दाम गाणी लावतोय’ असे मेसेज सुटतात. उपाय हँडीतच आहे. बाओफेंगच्या यूव्ही-५आर मॉडेलवर मेन्यू ९ मध्ये टाइम-आउट टायमर आहे. तो ६० सेकंदांवर ठेवा. कारखान्यातून तो जास्तही येतो. मेन्यू ४ मधला व्हॉक्स बंद हवा, नाहीतर गाडीचा आवाजच ट्रान्समिट करतो. मेन्यू ३९ चा रॉजर बीपही बंद ठेवा. एकाला गंमत वाटते, वीस जणांच्या कानाला बोचते. मेन्यू २३ चा बिझी-चॅनल लॉक सिम्प्लेक्सवर (थेट सेट-ते-सेट बोलताना) चांगला; रिपीटरवर, म्हणजे हँडीचा सिग्नल उचलून पुन्हा जोरात सोडणाऱ्या यंत्रावर, त्याने तुमचीच अडचण होऊ शकते.

पीटीटी दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला. रिपीटरला सबटोन (आवाजासोबत जाणारा ओळखीचा मंद सूर) ओळखायला तेवढा वेळ लागतो. एरवी कॉल साइनचे पहिले अक्षर गिळले जाते आणि ‘व्हीयू२’ऐवजी (भारतीय कॉल साइनची सुरुवात) नुसते ‘यू२’ ऐकू येते. समोरच्याचे बोलणे संपल्यावर दोन-तीन सेकंद मोकळे सोडा. त्या फटीतच कोणाला तातडीचे काही सांगायचे असेल तर तो शिरू शकतो, आणि रिपीटरचा टायमरही शून्यावर येतो. गप्पांत यायचे असेल तर त्या फटीत फक्त कॉल साइन द्या. ‘ब्रेक ब्रेक’ हा शब्द तातडीसाठी राखून ठेवला तर त्याला किंमत राहते.

नुसते पीटीटी दाबून रिपीटर उठतो का ते बघणे, आणि कॉल साइन न देता सोडणे, हा गुन्हेगारी प्रकार नव्हे; पण ओळख न देता केलेले प्रसारण आहे. ‘व्हीयू३ अमुक, चाचणी’ एवढे म्हणायला दोन सेकंद लागतात. आपल्या नियमांनुसार कॉल साइन प्रसारणाच्या सुरुवातीला आणि शेवटी द्यायची, आणि लांबलचक बोलणे असेल तर दर दहा मिनिटांनी.

बोलण्याचा विषयही शिष्टाचारातच येतो. तांत्रिक गोष्टी आणि किरकोळ वैयक्तिक बोलणे एवढीच मुभा आहे. धंदा, संगीत, बातम्यांचे प्रसारण, दुसऱ्या कोणासाठी निरोप पोचवणे हे परवान्यात बसत नाही. राजकारण आणि धर्म तर टाळाच. मुद्दाम त्रास देणाऱ्यांची बरीच जुनी वैरे अशाच एखाद्या रात्रीच्या वादात सुरू झालेली असतात.

पाइलअपमधला गोंधळ

दुर्मीळ स्टेशन आले की शेकडो लोक एकदम कॉल करतात; हाच पाइलअप. म्हणून ते स्टेशन स्प्लिट चालवते: स्वतः एका फ्रिक्वेन्सीवर बोलते आणि वर ५ ते १० किलोहर्ट्झवर ऐकते; सीडब्ल्यूवर साधारण १-२. ‘अप फाइव्ह’ ऐकले की व्हीएफओ बी (रिगची दुसरी फ्रिक्वेन्सी) वर नेऊन स्प्लिटचे बटण दाबा, मग ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी ऐकवणारे बटण धरून आपण खरेच वर जातोय ना ते एकदा पाहा. डायल लॉक करा. कॉल साइन एकदाच, पूर्ण, ध्वनी-वर्णमालेत, मग ऐका. त्याने ‘व्हीयू दोन प्रश्नचिन्ह’ (फक्त व्हीयू२वाल्यांनी बोला) म्हटले आणि तुमची व्हीयू३ असेल तर गप्प बसा.

स्प्लिट न लावता कोणीतरी थेट त्या स्टेशनवरच कॉल करतो. चूक त्याची; पण त्यानंतर जे होते ते जास्त वाईट. ‘अप! अप! स्प्लिट आहे, कळत नाही का?’ असे ओरडणारे पाच जण त्याच फ्रिक्वेन्सीवर जमतात. हॅम मंडळी त्यांना ‘पोलीस’ म्हणतात. मूळ चूक दोन सेकंदांची, पोलिसांचा गोंगाट दोन मिनिटांचा, आणि त्यात स्टेशनची पुढची तीन नावे बुडतात. फारच गरज वाटली तर एकदा, शिवी न देता, फक्त ‘अप’. तेही दुसऱ्या कोणी म्हटले नसेल तरच.

पाइलअपने कधी पूर्ण गप्प बसायचे याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने व्हीयू४आरबीआय हे स्टेशन चालू होते आणि जगभरातून त्याच्यामागे रांग होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि तेच स्टेशन आपत्कालीन संदेशांचे केंद्र बनले. अशा वेळी ‘फक्त आपत्कालीन वाहतूक’ हे ऐकल्यावर मदतीच्या हेतूनेही मध्ये बोलायचे नसते. विचारले तरच उत्तर द्यायचे. चांगल्या हेतूने मध्ये शिरणे कुठवर जाते ते अमेरिकेतल्या एका प्रकरणात दिसले. २०२१ मध्ये आयडाहोतल्या वणव्याच्या वेळी एका हॅमने अग्निशमनाच्या सरकारी फ्रिक्वेन्सीवर, १५१ मेगाहर्ट्झच्या आसपास, स्वतःहून माहिती द्यायला सुरुवात केली. २०२२ मध्ये तिथल्या नियामकाने त्याच्यावर ३४,००० डॉलर दंड प्रस्तावित केला. बाओफेंगसारखी हँडी १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ सगळीकडे ट्रान्समिट करू शकते. तुमचा परवाना मात्र तसे करू देत नाही.

खरोखर जॅमर असेल तेव्हा

आता मुख्य मुद्दा. जॅमरला अंतर, शक्ती, अँटेना यांपेक्षा एकाच गोष्टीची गरज असते: आपला त्रास पोचला याची पावती. ‘कोण आहे रे हा?’, ‘पुन्हा आला बघा’, ‘याची तक्रार करणार आहोत’ ही सगळी पावतीच. हसणेही पावती, उपरोधही पावती. नेट कंट्रोलने (नेट चालवणाऱ्याने) ‘थोडा क्यूआरएम (व्यत्यय) आहे’ म्हणणेसुद्धा नको. ‘शेवटचे नाव पुन्हा द्या’ एवढे पुरते. त्याच्या उपस्थितीचा हवेत एकदाही उल्लेख होणार नाही, हा नियम गटातल्या प्रत्येकाने पाळला तरच चालतो. नव्वद जण गप्प बसले आणि एकाने तोंड उघडले तर त्या एकासाठी तो महिनाभर येत राहतो.

म्हणून नेटची तयारी आधी, हवेबाहेर करायची. ती अशी:

– मुख्य फ्रिक्वेन्सीबरोबर दोन पर्यायी ठरवा, पहिली १० किलोहर्ट्झ खाली, दुसरी १५ वर. सदस्यांना फोनवर सांगा. बदलताना हवेत आकडा बोलू नये. ‘दुसऱ्या जागी’ एवढेच.
– नेट कंट्रोल दोघे, शक्यतो वेगवेगळ्या दिशांना. मुख्य कंट्रोल दबला तर दुसरा काही न सांगता पुढचे नाव घेतो.
– हजेरीचा क्रम ठरलेला असू द्या. पुढचे नाव कोणते ते सगळ्यांना माहीत असेल तर अर्धे बोलणे बुडाले तरी नेट चालते.
– जॅमरने कोणाची कॉल साइन वापरून मध्ये बोलायचा प्रयत्न केला तर त्याला उत्तर न देता यादीतल्या पुढच्याला बोलवा.

फ्रिक्वेन्सी बदलणे म्हणजे हार नव्हे, पण प्रत्येक शिट्टीला पळत सुटलात तर तो तुम्हाला डायलभर फिरवत बसेल. एकदाच हलवा, तिथेही आला तर तिथेच राहून काम संपवा.

रिगमधली हत्यारे वापरा. स्थिर कॅरिअरची शिट्टी ऑटो नॉचने (एकच सूर कापणाऱ्या फिल्टरने) किंवा हाताच्या नॉचने जवळजवळ पूर्ण जाते. हाताचा नॉच चांगला, कारण ऑटोला बोलण्यातले स्वरही कधीकधी शिट्टीसारखे वाटतात. एसएसबीचा फिल्टर २.४ वरून १.८ किलोहर्ट्झवर आणा आणि आयएफ शिफ्ट त्रासाच्या विरुद्ध बाजूला सरकवा. दिशादर्शक अँटेना असेल तर हवे ते स्टेशन थोडे कमजोर झाले तरी चालेल, पण जॅमर अँटेनाच्या बाजूला, म्हणजे तिच्या मृत कोनात येईल अशी फिरवा. डायपोलच्या दोन टोकांकडेही असा कोन असतो. जवळच्या त्रासासाठी तो उपयोगी पडतो.

रिपीटरवर जॅमर आला तर रिपीटरच्या मालकाकडे सगळ्यात चांगले हत्यार आहे: तो बंद करणे. पंधरा मिनिटे रिपीटर बंद, कसलीही घोषणा न करता. सबटोन बदलून नवा टोन फक्त ओळखीच्या लोकांना सांगणे हाही उपाय आहे, पण टोन चाळून काढणारी हँडी आज कोणाकडेही असते, त्यामुळे तो फार दिवस टिकत नाही.

नोंद

नोंद नसेल तर तक्रार नाही. वही किंवा स्प्रेडशीट, प्रत्येक घटनेची एक ओळ: तारीख, वेळ यूटीसीमध्ये आणि शेजारी आपल्या वेळेत (यूटीसी अधिक साडेपाच तास), फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झपर्यंत, मोड, एस-मीटरचे (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरचे) वाचन, अँटेनाची दिशा, आणि नेमके काय घडले. ‘अश्लील बोलला’ हे लिहू नका. जे शब्द ऐकू आले ते लिहा. रेकॉर्डिंगची मूळ फाइल तशीच ठेवा, कापछाट वेगळ्या प्रतीत करा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ आणि फ्रिक्वेन्सी सांगून ठेवली तर फाइलचे नाव बदलले तरी पुरावा राहतो.

वेगवेगळ्या गावांतल्या तीन-चार जणांनी एकाच वेळी नोंद ठेवली तर किंमत कितीतरी वाढते. एस-मीटरचे वाचन नुसते जोर दाखवत नाही, त्याचा चढउतारही बघा. ४० मीटरवर बाकी सगळी स्टेशने वर-खाली होत असताना जॅमरचा काटा एका जागी खिळलेला असेल तर तो भू-तरंगाने, म्हणजे जमिनीलगत येतोय. काही डझन किलोमीटरच्या आतला असण्याची शक्यता मोठी.

ओळखीच्या आवाजावरून नाव लिहून टाकायचा मोह होतो. तो आवरा. दुसऱ्याची कॉल साइन वापरणे हा जॅमरचा आवडता खेळ असतो, आणि रेकॉर्डिंग वाजवणे त्याहून सोपे. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हाच रस्ता आहे.

शोध

दोन मीटरवर शोधायला फार खर्च लागत नाही. स्टीलच्या मेजटेपची तीन-घटकी यागी (दिशादर्शक अँटेना) अर्ध्या दिवसात होते. २.५ सेंटिमीटर रुंदीचा मेजटेप घ्या. मागचा परावर्तक १०५ सेंटिमीटर. मधला चालक ४५-४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे, मध्ये २.५ सेंटिमीटर फट. पुढचा दिग्दर्शक ८९ सेंटिमीटर. दांडी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची, टी आणि क्रॉस जोडांसह. परावर्तक ते चालक २० सेंटिमीटर, चालक ते दिग्दर्शक ३२. चालकाच्या दोन तुकड्यांना साधारण १२.५ सेंटिमीटर तारेचा इंग्रजी ‘यू’ आकाराचा तुकडा डाखा (सोल्डर करा) आणि तिथेच कोअॅक्स जोडा. बिघडते ते नेहमी इथेच: टेपचा पिवळा रंग खरडून चकाकते पोलाद दिसेपर्यंत घासले नाही तर डाख धरत नाही, आणि नंतर तासभर दिशा चुकते. टेप पाइपला होजक्लँपने आवळा. ही अँटेना पुढे जितकी जोर दाखवते त्यापेक्षा पाठीमागे जितकी मंद होते ते जास्त कामाचे.

आधी रिपीटरच्या इनपुट फ्रिक्वेन्सीवर (ज्यावर तो स्वतः ऐकतो) ऐका. आउटपुटवर फक्त रिपीटरचीच दिशा सापडेल. यूव्ही-५आरवर तारकेचे बटण क्षणभर दाबून सोडले की उलटी, म्हणजे इनपुट, फ्रिक्वेन्सी ऐकू येते. इनपुटवर ऐकूच येत नसेल तर जॅमर तुमच्या टप्प्याबाहेर आहे. दुसऱ्या गावच्या मित्राला ऐकायला सांगा. दिशा किमान तीन ठिकाणांहून घ्या, त्यातली दोन उंचावरची. शहरात भिंतींवरून परतलेला सिग्नल फसवतो, म्हणून नुसत्या चौकातल्या वाचनावर भरवसा ठेवू नका. टेकडीवरचे एक वाचन रस्त्यातल्या पाच वाचनांना भारी.

जवळ गेलात की मीटर टोकाला चिकटतो आणि अँटेना कुठेही फिरवली तरी जोर सारखाच. तेव्हा हँडी ५ ते १० किलोहर्ट्झने बाजूला लावा, किंवा तिसऱ्या हार्मोनिकवर ऐका: १४५.५०० ची तिप्पट ४३६.५००, ती हँडीत सहज लागते आणि अगदी जवळच ऐकू येते. यागी नसेल तर हँडी छातीशी धरून हळूहळू गोल फिरा. शरीर आड येते तेव्हा सिग्नल सगळ्यांत मंद, म्हणजे जॅमर तुमच्या पाठीमागे.

एचएफवर इंटरनेटवरचे किवीएसडीआर रिसीव्हर वापरता येतात. त्यात जीपीएसच्या वेळेवरून सिग्नल पोचण्यातला फरक मोजून ठिकाण काढणारे साधन आहे. जॅमर ज्या बाजूला असावा असे वाटते त्याच्याभोवती चहूकडचे तीन ते सहा रिसीव्हर निवडा. सगळे एकाच बाजूचे असतील तर उत्तर लांबोळके पसरते. ३० सेकंदांचे रेकॉर्डिंग पुरते. आकाशातून उसळून आलेल्या सिग्नलसाठी काही डझन किलोमीटरचा फरक सहज पडतो, म्हणून हे जिल्हा सांगेल, घर नाही.

आणि घर सापडलेच तरी दार ठोठावू नका. केबल कापणे, तीत टाचणी टोचणे, सोशल मीडियावर पत्ता टाकणे, रात्री फोन करणे यांतून गुन्हा तुमच्या नावावर होतो आणि जॅमर फिर्यादी बनतो. परत जॅम करणे तर मूळ त्रासाइतकेच बेकायदा आहे.

तक्रार

हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा देते. तक्रार तिथे, आणि प्रत वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनला. तिची आपल्या जवळची केंद्रे मुंबई, नागपूर आणि गोव्यात आहेत. ज्याच्या टप्प्यात त्रास आहे त्याला लिहा. जालन्याचे केंद्र उपग्रहांसाठी आहे, तिथे हे पाठवू नका. पत्र एका पानाचे असू द्या: तुमची कॉल साइन आणि परवाना क्रमांक, त्रासाची फ्रिक्वेन्सी, साधारण कोणत्या वेळी येतो, किती दिवसांपासून, मिळालेल्या दिशा अंशांत आणि त्या कुठून घेतल्या ते, सोबत नोंदीचा तक्ता आणि दोन-तीन निवडक रेकॉर्डिंग. कायद्याचा आधार म्हणून आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांचे १५.१ कलम पुरते. त्यात अनावश्यक, खोटे किंवा दिशाभूल करणारे आणि ओळख न दिलेले प्रसारण सगळ्याच स्टेशनांना मना आहे. सोबत १९७८ च्या भारतीय हौशी सेवा नियमांचा उल्लेख करा. संशयिताचे नाव असेल तर ते ‘संशय’ म्हणूनच, वेगळ्या परिच्छेदात, कारणासह.

वेळ नक्की सांगता आली तर मॉनिटरिंगवाले त्या वेळी ऐकायला बसू शकतात. ‘कधीही येतो’ असे लिहिले तर तेही हतबल असतात. म्हणून तक्त्यात ‘सोमवार ते शुक्रवार, रात्री साडेनऊ ते दहा’ असा नमुना दिसेपर्यंत दोन आठवडे थांबणे फायद्याचे. धमकी, महिलांबद्दल अर्वाच्य बोलणे किंवा पाठलाग असेल तर मात्र थांबू नका; रेकॉर्डिंग घेऊन पोलीस ठाण्यात जा, रेडिओच्या तक्रारीची वाट पाहण्याची गरज नाही. या शोधात पोलीस, विमानतळ किंवा दुसऱ्या कोणत्या सेवेचे बोलणे कानावर पडले तर ते तक्त्यात उतरवू नका आणि कोणाला सांगूही नका. परवान्याची तीही अट आहे.